शास्त्र, श्रद्धा आणि ईश्वराचे अस्तित्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शास्त्रात लिहिले आहे, एवढ्यावरून देव आहे असे मानणे योग्य ठरते का?

भारतीय दर्शनांत हा प्रश्न ‘प्रमाण’ या शब्दाच्या आधाराने सोडवला जातो. ज्याच्या योगाने यथार्थ ज्ञान होते ते प्रमाण. चार्वाकांनी प्रत्यक्ष (इंद्रियांनी होणारे ज्ञान) हे एकच प्रमाण मानले, बौद्धांनी त्यात अनुमानाची (तर्काने काढलेल्या निष्कर्षाची) भर घातली, सांख्यांनी शब्द (दुसऱ्याने सांगितलेले) हे तिसरे प्रमाण स्वीकारले, नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांनी, उपमान (साम्यावरून होणारे ज्ञान) धरून चार मानली आणि कुमारिलांचे अनुयायी मीमांसक (वेदातील कर्मविधींचा अर्थ लावणारे) व अद्वैत वेदान्ती सहापर्यंत गेले. म्हणजे ‘शास्त्रात आहे’ हे विधान पुरावा ठरते की नाही, याचे उत्तर शब्दाला प्रमाण मानायचे की नाही यावर अवलंबून आहे, आणि त्यावर आपल्याकडे एकमत कधीच नव्हते.

शब्दाला प्रमाण मानणे हे वाटते तितके भाबडेपणाचे नाही. आपल्या पणजोबांचे नाव आपल्याला माहीत असते, पण त्यांना आपण पाहिलेले नसते आणि ते नाव कोणत्याही तर्काने काढताही येत नाही; कोणीतरी सांगितले आणि आपण ते मानले. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांची व्याख्या मोजक्या शब्दांत मावते : ‘आप्तोपदेशः शब्दः’, म्हणजे आप्ताने सांगितलेले ते शब्दप्रमाण. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला वस्तू साक्षात कळलेली आहे आणि जशी कळली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन पुढे स्पष्टच म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. शब्दप्रमाण म्हणजे केवळ धर्मग्रंथाचा धाक, अशी समजूत असणाऱ्यांनी हे वाक्य अवश्य लक्षात ठेवावे.

पणजोबांचे नाव आणि देव, या दोन गोष्टी सारख्या कशा?

सारख्या नाहीत, आणि हे नैयायिकांनाही ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी शब्दाचे दोन भाग केले : ज्याचा विषय या लोकात पडताळता येतो तो दृष्टार्थ आणि ज्याचा पडताळता येत नाही तो अदृष्टार्थ. वेदातील बराच भाग दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्यावरचा आक्षेप न्यायसूत्रांनी स्वतःच नोंदवला आहे : पुत्रप्राप्तीसाठी सांगितलेली इष्टी, म्हणजे यज्ञ, करूनही पुत्र होत नाही, वेदवचने परस्परांशी विसंगत आहेत आणि त्यांत पुनरुक्ती आहे, तेव्हा वेद प्रमाण कसा? त्याला दोन उत्तरे दिलेली आहेत. पहिले असे, की फळ मिळाले नाही तर कर्मात, कर्त्यात किंवा साधनात दोष असला पाहिजे. दुसरे उत्तर आयुर्वेदाचे आहे. औषधाचा गुण येतो, म्हणून वैद्यकशास्त्र सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवतो. तसाच विश्वास वेद सांगणाऱ्यावरही ठेवावा.

यांतील पहिले उत्तर मला लंगडे वाटते. फळ मिळाले तर शास्त्र खरे आणि न मिळाले तर करणाऱ्याची चूक, अशी वाट ठेवली की शास्त्र खोटे ठरण्याचा प्रसंगच कधी येत नाही. दुसरे उत्तर मात्र विचार करण्याजोगे आहे, कारण त्यात निदान पडताळ्याचे तत्त्व मान्य केलेले आहे. अडचण एवढीच की वैद्यकात जो भरवसा कमावला तो वैद्यकापुरता. एका विषयातील जाणकार दुसऱ्या विषयातही जाणकार असतो, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

देवाने वेद सांगितला म्हणून वेद खरा, आणि वेद सांगतो म्हणून देव खरा. हे गोल गोल फिरणे नाही का?

आहे. शास्त्रीय भाषेत या दोषाला ‘अन्योन्याश्रय’ म्हणतात, आणि शास्त्राधारे ईश्वर मानणाऱ्याला विचारला जाणारा हाच सर्वांत धारदार प्रश्न आहे. यातून सुटण्याच्या तीन वाटा आपल्या परंपरेत निघाल्या आणि त्या तिन्ही तीन दिशांना गेल्या.

नैयायिकांनी ईश्वर आधी अनुमानाने सिद्ध करायचा आणि मग त्याच्या सर्वज्ञतेवर वेदाचे प्रामाण्य उभारायचे असे ठरवले. घट दिसला की कुंभार होता हे कळते. जग हेही कार्य आहे, तेव्हा त्यालाही कर्ता असला पाहिजे. अशा रीतीने वर्तुळ तुटते, पण सगळा भार अनुमानावर पडतो आणि शास्त्र दुसऱ्या क्रमांकावर जाते.

मीमांसकांनी नेमके उलटे केले. वेद कोणी रचलेलाच नाही, तो अपौरुषेय आहे, असे ते म्हणाले. दोष येतो तो सांगणाऱ्यामुळे. सांगणाराच नसेल तर दोष येणार कोठून? शिवाय ज्ञान हे स्वतःच प्रमाण असते, बाधक काही पुढे आले तरच ते अप्रमाण ठरते, हा त्यांचा ‘स्वतःप्रामाण्य’ सिद्धान्त. येथेही वर्तुळ तुटते, पण त्यासाठी ईश्वरच बाहेर ठेवावा लागतो. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात जगत्कर्त्या ईश्वराच्या कल्पनेवर जे प्रश्न टाकले, ते एखाद्या कडव्या नास्तिकालाही सुचू नयेत. सृष्टीपूर्वी काहीच नव्हते तर त्या कर्त्याला शरीर कसले होते? त्याने करुणेपोटी जग निर्माण केले म्हणावे, तर प्राणीच नसताना करुणा कोणावर केली? ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, म्हणजे हेतूवाचून मूर्खही कामाला लागत नाही, हे सुभाषितासारखे वापरले जाणारे वाक्य याच वादातील आहे.

तिसरी वाट वेदान्त्यांची. ब्रह्मसूत्रांतील ‘शास्त्रयोनित्वात्’ या तिसऱ्या सूत्राचे शंकराचार्यांनी दोन अर्थ दिले आहेत : ब्रह्म हे शास्त्राचे उगमस्थान आहे, आणि शास्त्र हे ब्रह्माच्या ज्ञानाचे साधन आहे. वरवर पाहता हे तेच वर्तुळ दिसते. परंतु वेदान्ती वेदाचे प्रामाण्य ईश्वराच्या भरवशावर उभे करत नाहीत. डोळ्याला रंग दिसतो हे सिद्ध करण्यास कानाची साक्ष लागत नाही, तसे शास्त्र आपल्या विषयापुरते स्वतःच प्रमाण आहे, असे ते म्हणतात. ज्याला हे मूळ गृहीतच पटत नाही त्याला हे उत्तर पटणार नाही, आणि तो न पटवून घेण्याच्या पूर्ण अधिकारात आहे.

मग आस्तिक म्हणजे देव मानणारा, ही व्याख्या चुकीची आहे का?

आजच्या मराठीत ती रूढ आहे आणि चूक म्हणण्याचे कारण नाही. जुन्या शास्त्रीय वापरात मात्र वेदाला प्रमाण मानणारा तो आस्तिक. ‘नास्तिको वेदनिन्दकः’ हे मनुस्मृतीचे वचन प्रसिद्ध आहे. त्या अर्थाने जगत्कर्ता नाकारणारे मीमांसक पक्के आस्तिक ठरतात, आणि ‘ईश्वरासिद्धेः’, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही, असे सूत्र बाळगणारे सांख्यही आस्तिकच. शास्त्र मानणे आणि देव मानणे हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की या विषयावरील निम्मे वाद आपोआप निवळतात.

तर्काने देव सिद्ध होत असेल तर शास्त्राची गरज काय?

या प्रश्नावर दोन मोठ्या ईश्वरवाद्यांची तोंडे दोन दिशांना आहेत. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच लिहिला. त्यांच्या प्रसिद्ध कारिकेत कार्यत्व, अणूंची जुळणी, जगाचे धारण, शब्दव्यवहार, वेदाचे प्रामाण्य अशी एकामागून एक कारणे येतात आणि शेवटी ‘साध्यो विश्वविदव्ययः’, सर्वज्ञ व अविनाशी असा तो सिद्ध होतो, असे म्हटले आहे. पण एवढा तर्ककर्कश मनुष्य ग्रंथाच्या आरंभी काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे : ईश्वराविषयीची ही तर्कचर्चा म्हणजे श्रवणानंतर येणारे मनन होय, आणि म्हणून ती उपासनाच आहे. म्हणजे आधी ऐकलेले आहे, मग तर्क आहे.

रामानुजाचार्य यांनी श्रीभाष्यात याच ‘शास्त्रयोनित्वात्’ सूत्रावर लिहिताना ईश्वरसाधक अनुमानांचा एकेक टाका उसवला. घटावरून कुंभार सिद्ध करता तर तो कुंभारासारखाच, देहधारी आणि मर्यादित शक्तीचा सिद्ध होईल. वाडा, रथ यांसारखी कामे अनेकजण मिळून करतात, तेव्हा जगाचा कर्ता एकच कशावरून? आणि सगळे जग एकाच वेळी निर्माण झाले हे तरी कोणी पाहिले? हे सगळे आक्षेप परमभक्ताचे आहेत, हे विसरू नये. अनुमानाने हाती येईल तो देव फार तर एखादा मोठा कारागीर असेल. ज्याला शरण जावे असा नारायण शास्त्रातूनच कळतो, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या मते या वादात रामानुजांची बाजू तर्काच्या दृष्टीनेही अधिक भक्कम आहे, कारण अनुमानाच्या पोटात जेवढे आहे त्याहून जास्त ते त्यातून काढू पाहत नाहीत.

शास्त्र आणि प्रत्यक्ष यांत विरोध आला तर काय मानावे?

गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात शंकराचार्य म्हणतात की ‘अग्नी थंड आहे’ किंवा ‘अग्नी प्रकाश देत नाही’ असे शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितले तरी ते प्रमाण होणार नाही. शास्त्राचा अधिकार प्रत्यक्ष आणि अनुमान जेथे पोहोचत नाहीत तेथेच. ग्रहणे, रोगराई, पृथ्वीचे वय हे शास्त्रवचनाचे विषय नव्हेत, आणि पुराणातील भूगोल खरा करून दाखवण्याचा खटाटोप हा शास्त्राचा मान राखणे नव्हे.

श्रद्धा म्हणजे प्रश्न न विचारणे का?

कठोपनिषदाची सुरुवात या दृष्टीने वाचावी. वाजश्रवसाने सर्वस्वाचे दान करायचे ठरवले आणि दानात गाई नेल्या जात होत्या त्या कशा, तर पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन संपलेल्या, दूध आटलेल्या. त्या क्षणी कुमार नचिकेताच्या मनात श्रद्धेने प्रवेश केला, असे उपनिषद म्हणते. श्रद्धा शिरताच त्याने हात जोडले नाहीत. त्याने बापाला विचारले की मला कोणाला देणार? पुढे यमाच्या दारी जाऊनही त्याचा प्रश्न संशयाचाच आहे : मेलेला मनुष्य ‘आहे’ असे काही म्हणतात, ‘नाही’ असे काही म्हणतात, यातले खरे काय ते सांग. यम त्याला पुत्रपौत्र, हत्ती, सोने, दीर्घायुष्य देऊ करतो, पण तो प्रश्न सोडत नाही. मराठीत ‘श्रद्धाळू’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते त्यात हा हट्टी मुलगा बसत नाही, ही आपल्या शब्दाची झालेली हानी आहे.

छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूला त्याचा पिता वडाचे फळ फोडायला लावतो, मग आतील बारीक बी फोडायला लावतो. आत काय दिसते? काही नाही. ज्या सूक्ष्माला तू पाहू शकत नाहीस त्यातूनच हा एवढा वटवृक्ष उभा आहे, असे सांगून पिता म्हणतो, ‘श्रद्धत्स्व सोम्य’, बाळा, श्रद्धा ठेव. येथे श्रद्धेची मागणी प्रयोगाच्या नंतर आली आहे, आधी नाही.

आणि देव नाही म्हणणाऱ्यांचा आवाज तर थेट ऋग्वेदात नोंदलेला आहे. दुसऱ्या मंडलातील इंद्रसूक्तात म्हटले आहे की लोक त्याच्याविषयी ‘तो कोठे आहे?’ असे विचारतात आणि ‘तो नाहीच’ असेही म्हणतात. त्यानंतर ‘त्याच्यावर श्रद्धा ठेवा’ असे आवाहन येते. शंका दडपून टाकलेल्या काळातील हा मजकूर वाटत नाही.

प्रत्येक धर्माचा ग्रंथ आपणच खरा म्हणतो. मग कोणाचे ऐकायचे?

नवव्या शतकातील काश्मीरचे नैयायिक जयंत भट्ट यांनी न्यायमंजरीत हा प्रश्न उघडपणे हाताळला आहे. वेगवेगळ्या आगमांना, म्हणजे निरनिराळ्या पंथांच्या शास्त्रांना, प्रमाण मानण्याची शक्यता ते विचारात घेतात, पण कोणी उठून काहीही रचावे यास मुभा देत नाहीत : तो आगम लोकांत प्रतिष्ठित असावा, कालपरवा अचानक उपटलेला नसावा, लोभातून निघालेला नसावा आणि लोकांना उद्वेग आणणारा नसावा. निळ्या वस्त्राचे ‘नीलांबर व्रत’ राजा शंकरवर्म्याने बंद पाडले, याचाही उल्लेख त्यांनी केला आहे. या कसोट्या सामाजिक आहेत. त्यांनी एखादा पंथ निरुपद्रवी आहे एवढे ठरेल, तो सांगतो तो देव खरा आहे हे ठरणार नाही. तरीही बुवाबाजीच्या आजच्या काळात ‘लोभातून निघालेला नसावा’ ही एक अट जरी पाळली, तरी बरीच दुकाने बंद होतील.

मराठी भाषेपुरते पाहिले तरी ‘श्रुती’ एकच नाही. महानुभाव पंथात श्रुती म्हणजे सर्वज्ञ श्रीचक्रधरांचे वचन, आणि ते वचन मराठी आहे. गोव्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले आणि बायबलमधील कथा मराठी ओवीत सुमारे ११,००० ओव्यांतून सांगितली गेली. एकाच भाषेतून, एकाच छंदातून निरनिराळे शास्त्रप्रामाण्य बोलले गेले, म्हणून ‘आमच्या ग्रंथात आहे’ हे वाक्य दुसऱ्याच्या अंगणात जाऊन म्हणण्यात अर्थ नसतो. ते घरच्यांसाठी आधार आहे. परक्यासाठी ती केवळ माहिती आहे.

कोणताही ग्रंथ न मानता देव मानता येतो का?

महाराष्ट्रात याची ठळक उदाहरणे आहेत. महात्मा जोतीराव फुले यांनी वेद-पुराणांचे प्रामाण्य झुगारले, पण सृष्टी निर्माण करणारा ‘निर्मीक’ मात्र ठामपणे मानला. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक प्रसिद्ध झाले. फुल्यांच्या दृष्टीने शास्त्र हे देवाकडे नेणारे साधन नव्हते; देव आणि माणूस यांच्यामध्ये उभा केलेला तो आडपडदा होता. १८६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रार्थना समाजानेही एकेश्वराची उपासना स्वीकारली, मात्र कोणताही ग्रंथ ईश्वराची अचूक वाणी म्हणून स्वीकारला नाही. आणि त्या समाजात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे संस्कृत ग्रंथांत आयुष्य घालवलेले विद्वान होते. मीमांसक शास्त्र ठेवून देव सोडतात, फुले देव ठेवून शास्त्र सोडतात.

अथर्वशीर्षात गणपतीला ‘प्रत्यक्ष’ म्हटले आहे. मग शब्दप्रमाणाची चर्चा कशाला?

प्रश्न मार्मिक आहे. ‘त्वमेव प्रत्यक्षं तत्त्वमसि’ हे भाद्रपदात घरोघरी म्हटले जाते, आणि म्हणणाऱ्याच्या लक्षात येत नाही की आपण प्रमाणशास्त्राचा शब्द उच्चारत आहोत. पण देव प्रत्यक्ष आहे, हे आपल्याला तेथे सांगतो तो शब्दच.

संतांनी शास्त्राला मान दिला की स्वतःच्या अनुभवाला?

ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना हात घालते : ‘ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ वेदाने ज्याचे प्रतिपादन केले तो, आणि ज्याचे ज्ञान केवळ त्याचे त्यालाच होते तो, हे दोन्ही एकाच नमनात आहेत. वेद सांगतो, पण सांगणे म्हणजे कळणे नव्हे. पुढे अठराव्या अध्यायात ज्ञानदेव वेदाला संपन्न तर म्हणतात, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही असेही म्हणतात, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. शास्त्रावर एवढे प्रेम आणि एवढी तक्रार एकाच ठिकाणी क्वचित सापडते.

अमृतानुभवात ते याहून पुढे जातात. ज्ञान हेच बंधन होय, हे शिवसूत्रातील मत आणि सत्त्वगुण ज्ञानाच्या पाशाने बांधतो हे श्रीकृष्णाचे वचन सांगून झाल्यावर ते म्हणतात : ‘परि शिवें कां श्रीवल्लभें । बोलिलें येणेंचि लोभें । मानूं तेंही लाभे । न बोलतांही ॥’ शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही. ते बोलले नसते तरी हे हाती आलेच असते. शब्दप्रमाण नाकारलेले नाही, परंतु त्याच्यावाचून अडणार नाही अशा जागी वक्ता उभा आहे. शास्त्राचा आधार घेऊन देव मानणाऱ्या मराठी माणसासाठी या ओवीइतके सावध मार्गदर्शन मला दुसरे ठाऊक नाही.

तुकोबा तर हा हिशेब आणखी रोखठोक मांडतात. ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनीं वहावा भार माथां’, असे म्हणताना ज्या समाजव्यवस्थेने त्यांना वेदाचे अक्षर उच्चारू दिले नाही तिलाच ते वेदाचा हमाल ठरवतात. दुसरीकडे ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता’ असेही ते सांगतात. साक्षीदार म्हणून त्यांनी ग्रंथ उभा केला नाही, मन उभे केले.

ज्याला शास्त्र मान्यच नाही त्याला देव कसा पटवून द्यावा?

शास्त्रवचनांनी तो पटणार नाही. वादाचा जुना नियम असा की प्रमाण दोन्ही पक्षांना मान्य असावे लागते. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी बुद्धी नष्ट झाल्याच्या पाच खुणा सांगितल्या, त्यांत वेदाला प्रमाण मानणे आणि जगाचा कर्ता मानणे या पहिल्या दोन आहेत. अशा प्रतिपक्ष्यापुढे श्रुतिवचन ठेवणे म्हणजे ज्या नाण्याबद्दल तक्रार आहे तेच नाणे पुन्हा त्याच्या हातावर ठेवणे होय. एकत्र कुटुंबात मुलगा देव मानेनासा झाला की वडीलधारी माणसे त्याला गीतेचे श्लोक ऐकवतात आणि तो आणखी दूर जातो, हे दृश्य अनेक घरांत दिसते. श्लोक चुकीचे नसतात. ते चुकीच्या न्यायालयात सादर केलेले असतात.

उपासना करत असतानाही ‘देव नसेलच तर?’ असे मनात येते. हे पाप आहे का?

गीतेतील ‘संशयात्मा विनश्यति’ हे वचन अशा वेळी घाबरवण्यासाठी वापरले जाते. त्या श्लोकात अज्ञ, अश्रद्ध आणि संशयात्मा असे शब्द एकत्र आले आहेत, आणि त्याच्या लगतच्या आधीच्या श्लोकात श्रद्धावानाला ज्ञान मिळते असे सांगितले आहे. नचिकेताचा संशय ज्ञानाच्या दिशेने निघालेला होता. कशाचाही शोध न घेता नुसतेच संशयात राहणे, हा निराळा प्रकार आहे.

शिवाय मराठी वारकऱ्याला तुकोबांचा दाखला आहे. चाळीस-पन्नास वर्षे माळ घातलेल्या माणसानेही भीतभीत उच्चारावेत असे शब्द त्यांनी अभंगात लिहून ठेवले : ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥’ ज्याच्यासाठी असेल त्याच्यासाठी असो, माझ्यापुरता तो मेला. त्याच्या गोष्टी करणार नाही, नाव घेणार नाही, आमचे दोघांचे तुटले, असे ते पुढे म्हणतात. हा अभंग गाथ्यातून कोणी गाळला नाही. ‘वेद अनंत बोलिला । अर्थ इतुकाचि साधिला’ या अभंगासोबत तो त्याच पोथीत आहे, आणि गाथेचे पारायण करणारा मनुष्य तोही त्याच चालीत वाचून पुढच्या अभंगाकडे वळतो.